‘तो मी नव्हेच’ : नकार आणि निरपराधित्व

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (1962) या नाटकाच्या यशाचे श्रेय सामान्यतः प्रभाकर पणशीकर यांच्या बहुरूपी अभिनयास व फिरत्या रंगमंचास दिले जाते. ते यथार्थच आहे. तथापि आरोपीची ओळख कशी पटते, हा जो या नाटकाचा मूळ प्रश्न, त्याच्याशी या दोन्ही गोष्टींचे नाते काय, हेही तपासून पाहिले पाहिजे.

निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे न्यायालयात उभा आहे. नाव व वेष पालटून अनेक स्त्रियांना लग्नाच्या जाळ्यात ओढून लुबाडणारा मनुष्य तो हाच, असे साक्षीदार सांगतात. तो प्रत्येकाला नाकारतो. साक्ष सुरू होताच रंगमंच फिरतो आणि साक्षीतील प्रसंग प्रेक्षकांपुढे प्रत्यक्ष घडतो. शिवाय प्रत्येक वेषाआड नट एकच. न्यायाधीशाला जे शब्द ऐकून व पुरावा तोलून ठरवावयाचे असते, ते प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. त्यामुळे ‘गुन्हेगार कोण?’ हे कुतूहल येथे उरतच नाही. उरते ते ‘हा आता कसा निसटणार?’ हे. नाटकातील विनोद व रंगत यातूनच निर्माण होते.

परंतु या सोयीची किंमत आहे. ज्याच्यावर नाहक संशय आला, त्याच्यापाशीही याहून निराळे वाक्य नसते. नाटकाने ते लबाडाच्या तोंडी इतके चपखल बसविले, की मराठीत ते कानांवर हात ठेवणाऱ्याच्या उपहासाचे वचन होऊन बसले.

न्यायालयात फिरता रंगमंच नसतो. महाराष्ट्रात 2003 साली घडलेल्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा जणांना आरोपी ठरविण्यात आले. 2009 साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. पुढे त्याच न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला व 5 मार्च 2019 रोजी सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून आरंभी दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते. त्यांच्याविषयी तपासच झाला नव्हता. या सहा जणांचा नकार खरा होता, हे मान्य व्हावयास जवळजवळ सोळा वर्षे लागली.

लखोबाची कला अनोळखीपणावर उभी आहे; नव्या गावात त्याचा पूर्वेतिहास कोणास ठाऊक नसतो. पिंपरी-चिंचवड वा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात परगावाहून पोटासाठी आलेल्या कामगाराला तेच अनोळखीपण घातक ठरू शकते. त्याच्या बाजूने बोलणारे तेथे कोणी नसते. अत्र्यांनी धूर्ताचा नकार अजरामर केला. निरपराध्याचा नकार तितक्याच ताकदीने ऐकविणारे, आणि प्रेक्षकाला न्यायाधीशाइतकेच अंधारात ठेवणारे नाटक, हे त्याचे आवश्यक उत्तर होय.