एका पायावरचा समुद्रदेव

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतलं कास्टिंग ट्रकमधून भोसरी-चाकणला उतरतं, तेव्हा त्यात ब्लो होल आहे का आणि माप बसतंय का, एवढंच बघितलं जातं. त्याच कोल्हापुरात, टाउन हॉल संग्रहालयात, एक जुनं कास्टिंग आहे. वीतभरही उंची नसलेला ब्राँझचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, सातवाहनकाळातल्या वस्तीत, इतर रोमन बनावटीच्या वस्तूंसोबत तो मिळाला. १९४५-४६ साली ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं.

देव उभा आहे, पण खांबासारखा नाही. वजन एका पायावर, दुसरा गुडघ्यात सैल. त्यामुळे कंबर एकीकडे कलली आहे आणि तोल सावरायला खांदे दुसरीकडे. पाऊल अजून उचललेलं नाही. उचलणार हे मात्र पाठीच्या कण्यावरून कळतं. ही युक्ती ग्रीकांना इ.स.पू. ४८०च्या सुमारास साधली. त्याआधीचे त्यांचे दगडी तरुण दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे असत आणि ओठांवर मंद हसू असे. अंग बोलायला लागलं, तसं ते हसू गेलं. मला यात तोटा दिसत नाही. या पोसायडनच्या चेहऱ्यावर फारसं काही घडत नाही. दाढीआडून तो नुसता बघतो. जरब आहे ती उचललेल्या हातात.

त्या हातातला त्रिशूळ गेला, मूठ राहिली. ग्रीसमध्ये आर्टेमिसियनच्या समुद्रातून १९२०च्या दशकात काढलेल्या भव्य ब्राँझ देवाचीही मूठ रिकामीच आहे, म्हणून तो पोसायडन की वज्र फेकणारा झ्यूस हा वाद अजून मिटलेला नाही. असे हात हवेत टिकतात ते धातूमुळे. रोमनांनी अशा ग्रीक ब्राँझ मूर्ती संगमरवरात उतरवल्या, तेव्हा दगड मोडू नये म्हणून पायाशी झाडाचा बुंधा आणि हाताला टेकू द्यावा लागला. ब्राँझला टेकू लागत नाही. आधी मेणात घडवायचं, वर माती लिंपायची, तापवून मेण काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्या पट्ट्यात इन्व्हेस्टमेंट कास्टिंग करणाऱ्याला हे सांगायला नको. मेणात बोटानं दिलेला बाक धातूत तसाच उतरतो.

इकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांची, दानं कोरलेली आहेत आणि दर्शनी भिंतीवर दांपत्यं उभी आहेत. त्यांच्याही कमरा लचकतात. पण त्यांना कुठं जायचं नाही, ती आपल्याच आनंदात आहेत. पोसायडनला निघायचंय. दोन्ही लागोपाठ बघावीत. कार्ल्याला चिंचवडहून मळवलीपर्यंत लोकल आहे. कोल्हापूरसाठी एक रजा टाकावी लागेल.