पाल्याचा अर्क, चांदीचे कण आणि राहून गेलेली बशी

कडुलिंबाची, तुळशीची किंवा शेवग्याची पाने धुऊन पाण्यात उकळायची, काढा गाळून घ्यायचा आणि सिल्व्हर नायट्रेटच्या विरल द्रावणात ओतायचा. काही वेळाने रंगहीन द्रावण पिवळसर, मग तपकिरी होते. पानांतल्या रसायनांनी चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवले, म्हणजे त्यांचे क्षपण केले, आणि धातूचे अतिसूक्ष्म कण तयार झाले. या कणांतले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात व ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा-तपकिरी दिसतो. पुढची पायरी ठरलेली असते. जीवाणू वाढवलेल्या बशीत या द्रावणात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची, तिच्याभोवती जीवाणू न वाढलेले वर्तुळ उमटले की ते पट्टीने मोजायचे आणि लिहायचे : हरित पद्धतीने जीवाणूनाशक नॅनोकण बनवले.

या साच्याचे शोधनिबंध गेल्या वीस वर्षांत इतके निघाले आहेत की वनस्पतीचे नाव खोडले तर एक दुसऱ्यापासून ओळखू येऊ नये. असे निबंध आम्ही बरेच वाचतो. आता हाच प्रयोग महाविद्यालयांच्या प्रकल्पांतून शालेय विज्ञान प्रदर्शनांकडे सरकतो आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शिक्षकांपुढे तो आज ना उद्या येणारच, कारण पाला फुकट मिळतो, रंग डोळ्यांदेखत बदलतो आणि नावात 'नॅनो' आहे. म्हणून या साच्याचे एकदा नीट परीक्षण करावे असे आम्हाला वाटते.

सुरुवात जवळचीच, पुण्याची आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली कडुलिंबाच्या पानांच्या अर्काने सोने व चांदीचे नॅनोकण बनवल्याचा निबंध प्रसिद्ध केला. दोन्ही धातूंचे आयन एकत्र ठेवले तर काय होते, हा त्यातला खरा प्रश्न होता. सोन्याचे क्षपण आधी होते, त्यावर चांदी बसते आणि आत सोने, बाहेर चांदी असा कण मिळतो. त्याच वर्षी त्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळवले आणि ते त्रिकोणीच का होतात याचा माग घेतला. दोन्ही निबंधांत वनस्पती हे साधन होते. कुतूहल होते ते कण कसा घडतो याचे. नंतरच्या अनुकरणात वनस्पती हाच शोध ठरला. कडुलिंब झाला, आता तरवड, मग घाणेरी, मग डाळिंबाची साल. टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, शर्करा यांपैकी काही ना काही बहुतेक पाल्यात असतेच, तेव्हा चांदीचे क्षपण झाले यात आश्चर्य ते कसले? अमेरिकेत कॅरी ली यांनी कलिली चांदी बनवली ती १८८९ साली. शिवाय ज्या सायट्रेटच्या पद्धतीला हे निबंध 'रासायनिक' म्हणून नाक मुरडतात, ते सायट्रेट म्हणजे लिंबातल्याच आम्लाचा क्षार!

पण आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे, आणि तो बशीबद्दल आहे.

१ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट हे अशा प्रयोगांतले नेहमीचे प्रमाण. त्यात दर लिटरला सुमारे १०८ मिलिग्रॅम चांदी असते. समजा अर्काने त्यातल्या ९० टक्के आयनांचे क्षपण केले. तरी दर लिटरला जवळजवळ ११ मिलिग्रॅम चांदी साध्या आयनांच्या रूपात उरली. जीवाणू मारायला चांदीचे आयन दर लिटरला काही मिलिग्रॅम, कधी त्याहूनही कमी पुरतात. मग बशीत जे वर्तुळ उमटले ते नॅनोकणांनी उमटवले की न वापरल्या गेलेल्या सिल्व्हर नायट्रेटने? हे ठरवायचे तर आणखी बशा हव्यात. एका बशीत नुसता अर्क. दुसरीत तेवढीच चांदी असलेले नुसते सिल्व्हर नायट्रेट. तिसरीत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, धुऊन वेगळे केलेले कण. आणि चौथीत ते कण काढून घेतल्यावर उरलेले पाणी. नुसत्या अर्काची बशी पुष्कळदा असते, प्रतिजैविकाच्या चकतीशी तुलनाही असते. चौथी बशी मात्र फार क्वचित दिसते, आणि सगळा निकाल तर तिच्यातच आहे.

ही शंका नुसती तर्काची नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठात पेद्रो अल्वारेझ यांच्या गटाने २०१२ साली चांदीचे नॅनोकण ऑक्सिजन पूर्ण वगळून बनवले आणि ऑक्सिजनविरहित वातावरणातच ई. कोलाय जीवाणूंवर वापरले. चांदीचे ऑक्सिडीकरण होऊ शकले नाही, त्यामुळे आयन सुटले नाहीत आणि जीवाणू मेले नाहीत. जिथे आयन सुटले तिथे परिणाम आयनांच्या प्रमाणाबरहुकूम झाला. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. मारक मात्रेपेक्षा बऱ्याच कमी चांदीत जीवाणू उलट जास्त तग धरत होते. अर्थात कणाला काहीच किंमत नाही असे यावरून ठरत नाही. तो आयनांचा साठा म्हणून काम करतो, हळूहळू आयन सोडतो, आणि जखमेच्या पट्टीत ते उपयोगी पडते. पण मग मोजायला हवा तो आयन सुटण्याचा वेग. निबंधांत मोजलेला असतो वर्तुळाचा व्यास.

व्यास ही तर फारच फसवी गोष्ट आहे. लहान आयन अगारमधून भराभर पसरतो, मोठा कण चकतीजवळच अडकतो. म्हणजे वर्तुळ औषधाच्या जोराबरोबर त्याच्या पसरण्याचेही माप असते. 'आमच्या कणांचे १४ मिलिमीटर, प्रतिजैविकाचे १२' अशी तुलना अर्थहीन ठरते. वाढ थांबवणारी किमान मात्रा द्रवमाध्यमात काढावी लागते.

क्ष-किरण आलेखातही एक गंमत आढळते. पाल्यात क्लोराइड असते, त्यामुळे अर्कात चांदीबरोबर सिल्व्हर क्लोराइडही बनू शकते. त्याचे शिखर ३२ अंशांच्या आसपास येते. ते आले की कित्येक निबंध 'वनस्पतीतील सेंद्रिय पदार्थामुळे' एवढे म्हणून पुढे जातात.

हा वाद प्रयोगशाळेपुरता असता तर आम्ही तो येथे मांडला नसता. आपल्या जिल्ह्यात संगमनेर, राहाता भागात डाळिंबाच्या बागा आहेत. भगवा, मृदुला या जाती राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या. या बागांना छळणारा तेल्या हा जीवाणूजन्य रोग. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून २०१२ साली एक निबंध आला. त्यात नॅनो-तांब्याने या जीवाणूची वाढ ०.२ पीपीएम एवढ्या मात्रेत रोखली, कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या नेहमीच्या शिफारशीपेक्षा दहा हजार पटींहून कमी, असे म्हटले आहे. प्रयोग रोचक आहे, आकड्याची तुलना मात्र जुळत नाही. शिफारस असते झाडासाठी. तिथे ऊन आहे, पाऊस आहे, पानावरचा मेणचट थर आहे, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड मुद्दामच पाण्यात न विरघळणारे, तांबे सावकाश सोडणारे असते. ०.२ हा आकडा प्रयोगशाळेतल्या माध्यमातला आहे. 'दहा हजार पट' हे शब्द औषधाच्या बाटलीवर चढले, तर ज्याचा बहार हातचा जाणार आहे त्या शेतकऱ्याला माध्यम आणि झाड यांतला फरक कोण सांगणार?

'हरित' या शब्दाचेही तसेच. पाल्यातून आली म्हणून चांदी सौम्य होत नाही. बोस्टनच्या एका रुग्णालयात, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात, सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला १९७५ सालीच नोंदला गेला आहे. म्हणजे चांदीलाही जीवाणू सरावतात.

शाळेत हा प्रयोग करूच नये असे आमचे म्हणणे नाही. रंग बदलण्यापर्यंतचा भाग सुंदर आहे. एका नळीत पाणी आणि अर्क, दुसरीत पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट, तिसरीत अर्क आणि सिल्व्हर नायट्रेट घ्यावे. तिन्ही नळ्यांतून बाजूने लेझर पॉइंटरचा झोत सोडावा. झोताची वाट दिसली की मुले 'कण, कण' म्हणतील. तेव्हा पहिल्या नळीकडे बोट दाखवावे, कारण झोत नुसत्या अर्कातही दिसतो. मग कण झाले हे कशावरून, हा प्रश्न वर्गात आपोआप उभा राहतो. जीवाणूंची बशी मात्र शाळेत करू नये. निर्जंतुकीकरणाची खात्रीची सोय नसताना जीवाणू वाढवणे धोक्याचे आहे. सिल्व्हर नायट्रेटचे डाग कातडीवरून बरेच दिवस जात नाहीत आणि डोळ्यांत गेले तर इजा होते, तेव्हा हातमोजे व चष्मा हवाच. उरलेले द्रावण मोरीत ओतू नये, कारण शोषखड्ड्यातले उपयोगी जीवाणूही चांदीने मरतात. त्यात मीठ घालून रात्रभर ठेवावे. उरलेले आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन तळाशी बसतात, कणही एकत्र येऊन खाली उतरतात. गाळ गाळून, नाव लिहिलेल्या तपकिरी बाटलीत जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे द्यावा.