अट गाळलेला सल्ला

काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरून त्यात जिवंत प्रवाळ आणि रंगीत मासे पाळण्याचा छंद अमेरिका, जर्मनी, जपान अशा देशांत चांगला रुजला आहे. उन्हाळ्यात ही टाकी थंड कशी ठेवावी, याचे ठरावीक सल्ले छंदाच्या पुस्तकांत असतात. पाण्यावर पंखा सोडा, बर्फाच्या बाटल्या तरंगत ठेवा, दिवे कमी वेळ लावा, नाहीतर शीतक यंत्र घ्या. हे सल्ले खोटे नाहीत. पण प्रत्येकामागे एक अट असते आणि सांगताना नेमकी तीच गळते. आमची तक्रार एवढ्याचसाठी, की अट गाळलेले विज्ञान आपल्या वर्गांतही शिकवले जाते.

आधी एक खुलासा. भारतात प्रवाळभित्ती बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे किंवा विकणे गुन्हा आहे. तेव्हा अशी टाकी घरी किंवा शाळेत करावी, असे आम्ही मुळीच सुचवत नाही. टाकी हे फक्त उदाहरण.

थंडाव्याची एवढी निकड का? प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणाने त्याला अन्न पुरवतात. पाणी नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हे सहजीवन मोडू लागते. शैवाले निघून जातात आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी ही पाळी आली. टाकीतही दोन-तीन अंशांचा फरक जीवघेणा ठरू शकतो.

आता पंख्याचा सल्ला पाहू. ‘बाष्पीभवनामुळे थंडावा निर्माण होतो’ हे वाक्य आपले विद्यार्थी माठाचे उदाहरण देऊन बिनचूक लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. पण थंडावा किती, हे कोणी विचारत नाही. समजा, नागपुरात हवेचे तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे. ओले फडके गुंडाळलेला तापमापक तेथे सुमारे २४ अंश दाखवील. मुंबईत तापमान ३३ अंशच, पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर तोच तापमापक २८ अंशांच्या खाली जाणार नाही. बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त इतकेच थंड होऊ शकते. म्हणजे टाकी २६ अंशांवर आणण्याची शक्यता होरपळणाऱ्या नागपुरात आहे, तुलनेने ‘थंड’ मुंबईत नाही. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात घरोघर का दिसतो आणि मुंबईत का नाही, त्याचेही उत्तर हेच. मुंबईत पंखा अगदीच निरुपयोगी आहे असे नव्हे. ३३ चे ३० अंश होऊ शकतील, २६ मात्र होणार नाहीत. शिवाय खिडक्या बंद असतील तर उडालेली वाफ खोलीतच साठते आणि ही मर्यादा आणखी वर सरकते.

बर्फाचा हिशेब तर सातवीतला विद्यार्थीही करू शकेल. २०० लिटरची टाकी तीन अंशांनी थंड करायची, तर सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता काढावी लागेल. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून २७ अंशांपर्यंत तापेपर्यंत १०७ किलोकॅलरी घेतो. म्हणजे साडेपाच किलोंच्या वर बर्फ लागला. पण गोष्ट येथेच संपत नाही. पंप आणि दिवे मिळून १५० वॅट उष्णता पाण्यात सोडत असतील, तर दिवसाकाठी सुमारे ३१०० किलोकॅलरी नव्याने जमा होतात. त्यासाठी रोज आणखी २९ किलो बर्फ हवा. एवढीच उष्णता साधारण साडेपाच लिटर पाण्याची वाफ होताना निघून जाते. बर्फापेक्षा बाष्पीभवन किती प्रभावी आहे, हे या दोन आकड्यांवरून जितके समजते, तितके व्याख्या पाठ करून समजत नाही.

मात्र वाफ होते ती पाण्याची. मीठ मागेच राहते. लिटरला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या या टाकीतून चार दिवसांत २२ लिटर पाणी उडाले आणि भर घातली नाही, तर क्षार लिटरला ३९ ग्रॅमांवर जातील. भर घालायची ती गोड्या पाण्याची. घाईत समुद्राचे पाणी ओतणारा उष्म्यापासून वाचवलेला जीव खारटपणाने गमावतो.

राहिले शीतक यंत्र. ते उष्णता नाहीशी करत नाही, फक्त हलवते. बंद खोलीत ठेवले तर टाकीतून काढलेली उष्णता आणि वापरलेली वीज, दोन्ही खोलीतच उतरतात. बर्फाच्या बाटल्याही घरच्याच फ्रिजमध्ये गोठवलेल्या असतात आणि त्या गोठताना निघालेली उष्णता स्वयंपाकघरात आलेली असते. ‘उष्णता गेली कुठे?’ हा प्रश्न सल्ला देणाराने विचारला नाही, तरी शिक्षकाने विचारलाच पाहिजे.

त्यासाठी खर्चाची गरज नाही. दोन तापमापक, एका फुग्याभोवती ओले फडके आणि पाण्याची बादली पुरे. मार्चपासून जुलैपर्यंत आठवड्यातून एकदा दोन्ही नोंदी घ्याव्यात. पंख्याखाली बादलीतले पाणी किती अंशांपर्यंत उतरेल, याचे भाकीत विद्यार्थ्यांनी आधी लिहावे आणि मग मोजून पाहावे. पावसाळा सुरू झाला की दोन तापमापकांतले अंतर कसे कमी होते, हे त्यांना आपोआप दिसेल.

शेवटी एक प्रश्न वर्गासमोर जरूर ठेवावा. टाकीला खोली असते, खोलीला खिडकी असते. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रांनी पोटात घेतली आहे. तेथल्या प्रवाळांसाठी पंखा कुठे लावायचा आणि उष्णता कोणत्या खिडकीतून बाहेर काढायची? बादलीचा हिशेब ज्याने स्वतः केला आहे, त्याला उष्णता साचू न देणे हाच खरा उपाय आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.