पीएम २.५ : दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

हवेच्या प्रदूषणावरचे प्रबंध चाळलेत तर अशा घाटाचं एक वाक्य हमखास सापडेल : ‘पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ४३.२७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आली, म्हणजे ४० च्या राष्ट्रीय मानकापेक्षा जास्त.’ आकडा चुकीचा असेलच असं नाही. पण त्याच्या शेजारी अनिश्चितता लिहिलेली नसते, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

हे मोजतात कसं ते बघा. फिल्टरच्या संदर्भ पद्धतीत मिनिटाला सुमारे १६.७ लिटर हवा २४ तास ओढतात, म्हणजे एकूण २४ घनमीटर. हवेत ४० मायक्रोग्रॅम असतील तर फिल्टरवर जमतं जेमतेम एक मिलिग्रॅम. त्यातलं अमोनियम नायट्रेट थोडं उडून जातं, उरलेले कण ओलावा धरतात. अमेरिकेत फिल्टर ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ठेवून तोलतात, युरोपात ४५ ते ५० टक्के. धूळ तीच, वजन मात्र वेगळं येऊ शकतं!

म्हणूनच युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात स्थिर केंद्रांवरच्या पीएम २.५ मोजणीला २५ टक्क्यांपर्यंत अनिश्चितता मान्य केली होती. तीच सूट ४३.२७ ला लावा. उत्तर ३२ ते ५४ च्या दरम्यान कुठेही असू शकतं, आणि ४० त्याच्या आतच येतो. मग ‘.२७’ कशासाठी लिहिलं?

स्वस्त सेन्सरच्या बाबतीत आणखी एक पळवाट दिसते : ‘आर-स्क्वेअर ०.९५ आला, म्हणजे सेन्सर अचूक.’ नाही हो. कायम दुप्पट दाखवणाऱ्या सेन्सरचाही आर-स्क्वेअर १ येईल. हे सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात, वजन नाही. दमट हवेत कण फुगतात आणि आकडा चढतो. त्यामुळे दिल्लीच्या हवेत केलेलं कॅलिब्रेशन मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत जसंच्या तसं चालेल हे गृहीत धरता येत नाही.

‘वर्षभराची सरासरी घेतली की चुका पुसल्या जातात’ हेही अर्धंच खरं. रँडम चुका कमी होतात. यंत्र सतत एकाच बाजूला झुकत असेल तर सरासरीही तिकडेच झुकते.

याने फरक काय पडतो? २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचं मूळ लक्ष्य होतं २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के घट. म्हणजे अपेक्षित घट आणि वर सांगितलेली अनिश्चितता जवळपास सारख्याच मापाच्या! यंत्र, जागा आणि कॅलिब्रेशन तेच राहिलं तर दोन्ही वर्षांतला सारखा झुकाव बराचसा कटतो आणि घट दिसू शकते. मधेच यंत्र बदललं, तर हवा सुधारली की यंत्र, हे सांगता येत नाही.

तेव्हा शोधनिबंध वाचताना निष्कर्षाआधी ‘पद्धती’ उघडा. यंत्र कोणतं, संदर्भ यंत्राशेजारी किती दिवस आणि कुठल्या ऋतूत ठेवलं, मधे काय बदललं? स्वतः लिहाल तेव्हा ‘४३ ± ६’ असं काहीतरी लिहा, आणि तो ६ कुठून आला तेही सांगा. आकडा कमी रुबाबदार दिसेल, पण तोंडी परीक्षेत त्याचा बचाव करता येईल.