वेताळाचा खाकी अंगरखा

रेणापूरच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. थोरल्या बंधूंनी विद्यार्थिदशेत जमविलेले मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे ६३ अंक आणि अमर चित्रकथेचे चार अंक तीत आहेत. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून एक तरुण संग्राहक ते पाहण्यास आला. त्याने प्रत्येक अंक उजेडाकडे तिरपा धरून न्याहाळला, पिना तपासल्या, कोपरे पाहिले, आणि दोन तासांनी सात अंक बाजूला काढून उरलेले साठ परत पेटीत ठेविले. ‘या वाचनप्रती आहेत,’ एवढेच तो म्हणाला. शब्द त्याने सौजन्याने योजिला होता. परंतु वाचली गेली म्हणून एखादी प्रत हलकी ठरावी, ही कसोटी आली कोठून, हा विचार तेव्हापासून मनात घोळत राहिला.

ही कसोटी अमेरिकेची आहे. तेथे १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी जुन्या कॉमिक्सची मूल्यसूची प्रथम प्रसिद्ध केली. पुढे २००० साली सीजीसी ही संस्था निघाली. संग्राहकाने पाठविलेली प्रत ती तपासते, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि प्रत पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमची बंद करते. कण्यावरच्या बारीक सुरकुत्या, बोथट कोपरे, गंजलेल्या पिना, कागदाचा रंग या सर्वांचा हिशेब त्या गुणांत असतो. या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. पूर्वी विक्रेता ‘उत्तम स्थिती’ म्हणे आणि ग्राहकाला मुकाट्याने विश्वास ठेवावा लागे. त्याऐवजी दोषांना नावे मिळाली आणि वादाला एक भाषा मिळाली.

उत्तम प्रती तेथे दुर्मीळ का, याचीही कारणे आहेत. मुलांनी अंक वाचून फाडले; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत कितीतरी गेले. जे टिकले ते बहुधा योगायोगाने. कोलोरॅडोतील एडगर चर्च हा चित्रकार संदर्भासाठी अंक विकत घेई आणि एकावर एक रचून ठेवी. १९७७ साली ती हजारो अंकांची रास बाहेर आली, तेव्हा तेथील कोरड्या, थंड हवेत अंधारात दडपून राहिलेला कागद जवळजवळ पांढराच होता. कॅलिफोर्नियातील तिघा भावांना दिवंगत आईच्या घरी, पोटमाळ्यावरच्या खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांखाली १९३९ सालचा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक सापडला. त्याला नऊ गुण मिळाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लिलावात ९१ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.

या सर्व व्यवहाराच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि माझ्या मते प्रश्नाची खरी गाठ तेथेच आहे. सुपरमॅनची कथा हरवलेली नाही. ती पुस्तकरूपाने अनेकदा पुन्हा छापली गेली, ज्याला वाचावयाची त्याला ती सहज मिळते. पाठ सुरक्षित आहे, म्हणूनच प्रतीचे कौतुक करण्याची चैन परवडते. प्लास्टिकमध्ये बंद झालेला अंक कोणाचे वाचन हिरावून घेत नाही. आपल्याकडील मराठी इंद्रजालला हे गृहीत लागू पडते काय?

इंद्रजाल कॉमिक्स बेनेट, कोलमन या कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केले आणि १९९० साली ते बंद पडले. एकंदर ८०३ अंक निघाले. (१२३ व १२४ हे क्रमांक कंपनीतील औद्योगिक वादामुळे निघालेच नाहीत, नवशिका संग्राहक ते शोधत फिरतो, हा या छंदातला ठरलेला विनोद आहे.) ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला फँटम हा या मालिकेचा मुख्य नायक. त्याच्या कथा भारतात आणताना संपादकांनी चित्रांना फारसा हात न लावता शब्द बदलले. ‘बंगाला’ हा त्याचा देश ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, आणि नायकाच्या पित्याचा मारेकरी ‘रामा’ हा ‘रामालू’ झाला. भारतीय वाचकाच्या भावना सांभाळण्यासाठी केलेले हे काम अक्षरांतले आहे. मुखपृष्ठ कितीही चकाकते असले तरी ते त्यावर दिसत नाही.

मराठीत याहून मोठे धाडस झाले. फँटमचा ‘वेताळ’ झाला. वेशीबाहेर शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपाने बसणारा, रात्री गावाभोवती फेरी घालतो असे मानला जाणारा आणि ‘वेताळपंचविशी’मुळे घरोघरी ठाऊक असलेला वेताळ, त्याचे नाव आफ्रिकेच्या कल्पित अरण्यातल्या मुखवटाधारी गोऱ्या वीराला मिळाले. एका शब्दाने परका नायक गावाचा राखणदार झाला. इंग्रजी अंक कितीही उत्तम स्थितीत मिळाला तरी त्यात हा वेताळ सापडणार नाही, आणि मराठी मजकूर बव्हंशी त्या त्या अंकातच राहून गेलेला आहे.

त्या नावाने आमच्या घरात अडचणही केली. आजीला ते सोसेना. ज्या खोलीत अल्तार आहे, तेथे वेताळाचे नाव दिसू नये, असा तिचा आग्रह. मुलांचा हट्टही मोडवेना, तेव्हा तिने मार्ग काढला. घरात येणाऱ्या प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर ती गव्हाच्या खळीने खाकी कागद चिकटवी. खळीच्या लोभाने कसर आली, मुखपृष्ठे चाळणी झाली. अमेरिकन मापाने त्यांना अर्धा गुणही जड जाईल. पण त्या खाकी अंगरख्याखालची आतली पाने शाबूत राहिली, आणि वेताळाची मराठी वाचता येते. गंमत अशी की पेटीतली सर्वांत देखणी प्रत अमर चित्रकथेच्या येशू ख्रिस्तावरील इंग्रजी अंकाची निघाली. तो अल्तारावर प्रार्थनापुस्तकांखाली ठेवला जाई. आदरापोटी कोणी त्याला हात लावीत नसे. संग्राहकाच्या सात अंकांत तो पहिला होता.

संग्राहकाचे सगळेच म्हणणे खोडून काढता येणार नाही. मुखपृष्ठाविषयी तो जे बोलला ते मला पटले. आरंभीच्या अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद यांच्या कुंचल्याची आहेत. आतली चित्रे परदेशी असली तरी वरचे चित्र आपल्या कलावंताचे आहे. आजीच्या खळीने गोविंदांवर अन्याय केला, हे मान्य केलेच पाहिजे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कालांतराने ती कागदच पिवळा करते, हेही त्यानेच सांगितले. (आम्ही १४ अंकांना लावलेली आहे.) हवेविषयी मात्र त्याला आमचा हेवा वाटला. ज्या कोरडेपणापायी २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच कोरडेपणात बुरशी धरत नाही आणि पिना गंजत नाहीत. उन्हाळ्याची काहिली कागद ठिसूळ करते आणि वाळवी तर आहेच, तो भाग निराळा. याच जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात गावेच्या गावे कोसळली. जेथे माणसांचा शोक सरला नाही, तेथे दगडमातीखाली गेलेल्या कागदांची मोजदाद कोण करणार?

म्हणून मराठी चित्रकथांसाठी माप वेगळे हवे, असे माझे मत आहे. पाने पुरी आहेत काय, फुग्यांतला मजकूर वाचता येतो काय, ही पहिली तपासणी, कोपऱ्यांची नंतर. वाचनालयांनी दहा-दहा अंक एकत्र बांधून तीन बाजूंनी कापलेले खंड संग्राहक नाकारतात, कारण कापलेल्या कडेला गुण नाहीत. पण सलग अंक, क्रमवार आणि पुऱ्या पानांनिशी, अशाच खंडांत सापडतात. असा खंड रद्दीत जाऊ देणे हा पाठाच्या दृष्टीने मोठा अपराध आहे.

बंधूंनी येशू ख्रिस्ताचा अंक दिला नाही. बाकीचे सहा अंक देण्यास ते तयार झाले. अट एकच, नेण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून द्यावे. पाच अंकांची छायाचित्रे त्याने तेथेच काढली. सहावा त्याने अर्धवट उघडला आणि थांबला. तो अंक बहुधा कोणी वाचलाच नव्हता. पुरता उघडला असता तर कण्यावर रेघ उमटली असती आणि प्रत उतरली असती. तो अंक तसाच ठेवून तो गेला.

आता पेटीत इंद्रजालचे ५८ अंक आहेत. क्रमांक, कथेचे नाव, पृष्ठे आणि उणिवा अशा चार रकान्यांची वही बंधूंनी आखली आहे. ४१ नोंदी झाल्या. उरलेल्यांची मुखपृष्ठे कसरीने खाल्ली असल्याने त्यांचे क्रमांक आतल्या कथेवरून लावावे लागत आहेत.