राहू : कर्ता आणि कारण

भास्कराचार्यांनी १११४ मधील आपला जन्म आणि विज्जडविड हे आपले गाव स्वतःच नमूद केले आहे. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले हे गाव म्हणजे आजचे बीड, असे एक मत आहे. चाळीसगावनजीकच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखाच्या आधारे दुसरा पक्ष तो मान त्या परिसरास देतो. गावाविषयीच्या ह्या वादापेक्षा भास्कराचार्यांच्या श्रद्धेविषयीचा वाद अधिक महत्त्वाचा आहे. कोणी त्यांना निखळ बुद्धिवादी ठरवतात, कोणी पुराणनिष्ठ. दोन्ही पक्ष ग्रंथाचा अर्धाच भाग वाचतात.

११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायातील ग्रहणविचार ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. चंद्रग्रहणात छादक पृथ्वीची छाया, सूर्यग्रहणात चंद्र, ही उपपत्ती तेथे निःसंदिग्धपणे मांडली आहे. छाया मोठी, म्हणून अर्धग्रस्त चंद्राची शिंगे बोथट व ग्रहण दीर्घकाळ टिकणारे; चंद्र लहान, म्हणून सूर्याची शिंगे तीक्ष्ण व ग्रहण अल्पकाळाचे. लागलीच मात्र, राहू हा छादक नव्हेच असे म्हणणाऱ्या, केवळ गोलविद्या जाणणाऱ्या अभिमानी लोकांचे मत वेद, संहिता व पुराणे ह्यांच्या बाहेरचे ठरवले आहे. राहू वरप्रभावाने छायेत व चंद्रबिंबात शिरून ग्रहण घडवतो, अशी सांगड तेथे घातली आहे.

ह्या सांगडीची वाक्यरचना सूक्ष्मपणे पाहिली पाहिजे. तीत कर्ता राहू आहे. छाया व चंद्र ही केवळ अधिकरणे आहेत. परंतु आकार, गती व काल ह्यांचे सारे गणित अधिकरणांचे आहे. राहू वगळला तर ग्रहणाची वेळ एका पळानेही बदलत नाही. छाया वगळली तर चंद्रग्रहणाचे गणितच उरत नाही. व्याकरणातील कर्ता व उपपत्तीतील कारण येथे विभक्त झाले आहेत.

ह्या तडजोडीस केवळ भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने राहू नाकारणाऱ्या पूर्वसूरींवर प्रखर टीका केली, पण गणित छायेचेच केले. भास्कराचार्यांनी निदान दोहोंचा संबंध काय, हे सांगण्याचा प्रयत्न केला. तथापि वराहमिहिर आणि लल्ल ह्यांनी राहूचे कारणत्व स्पष्टपणे नाकारले होते. त्यामुळे स्पष्ट बोलणे त्या परंपरेत अशक्य होते, असेही म्हणता येत नाही.

ह्या समन्वयाने गणित अबाधित राहिले, हा लाभ खरा. पण जुना शब्द कर्तेपदी कायम राहिल्याने गणित न जाणणाऱ्यापर्यंत केवळ तो शब्दच पोचला. पंचांगातील ग्रहणकाल छायेच्या गणिताने ठरतो आणि त्याच काळात गर्भवतीला राहूच्या भयाने घरात बसवले जाते. ही विसंगती आजही संपलेली नाही. भास्कराचार्यांचा वारसा सांगणाऱ्याने, मग तो बीडचा असो वा पाटणचा, त्यांच्या गणिताबरोबर ह्या वाक्याचीही जबाबदारी घेतली पाहिजे.