सुखाची साक्ष

सुखी कसें व्हावें, अंतःकरणाचा आवाज कसा ऐकावा आणि थोडक्या दिवसांत आत्मज्ञान कसें मिळवावें, हें सांगणाऱ्या पुस्तकांचा सध्यां आपल्याकडे सुकाळ झाला आहे. कांहीं भाषांतरित आहेत, कांहीं स्वतंत्र म्हणविणारीं आहेत. मुखपृष्ठावर सूर्योदय किंवा कमळ बहुधा असतेंच. हीं पुस्तकें लिहिणारे सर्वच अप्रामाणिक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. खचलेल्या मनास त्यांतील एकादें पान धीर देत असेल, तर त्याचें टीकाकारास वाईट वाटण्याचें कारण नाहीं. परंतु या ग्रंथांत सुख, स्फूर्ति आणि ज्ञान या तीन निरनिराळ्या वस्तु एकमेकींस जामीन राहतात, आणि तेथेंच आमचा आक्षेप आहे. मनास बरें वाटलें म्हणजे स्फूर्ति खरी. स्फूर्ति झाली म्हणजे ज्ञान झालें. आणि ज्ञान झाल्याची खूण कोणती, तर मनास बरें वाटतें! सावकारी व्यवहारांत असले जामीन कोणी क्षणभरहि मान्य करणार नाहीं.

बाह्य परिस्थितीचा सुखाशीं संबंध नाहीं, हें मत ठसविण्यासाठीं एक अमेरिकन प्रयोग वारंवार सांगण्यांत येतो. सोडतींत मोठी रक्कम मिळालेला मनुष्य आणि अपघातानें पंगु झालेला मनुष्य हे कांहीं काळानें सारखेच सुखी होतात, असा त्याचा सारांश देतात. मूळ निबंध ब्रिकमन व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत इलिनॉय राज्याच्या सोडतींत यशस्वी झालेले २२ लोक, अपघातानें अवयव लुळे पडलेले २९ लोक आणि तुलनेकरितां घेतलेले २२ सामान्य लोक होते. शून्यापासून पांचपर्यंतच्या मापानें सोडतवाल्यांचें सुख सरासरी ४.०० भरलें, सामान्यांचें ३.८२ आणि पंगूंचें २.९६. द्रव्यलाभानें सुख फारसें वाढत नाहीं, हा भाग निबंधांत आहे. पंगु झालेल्या माणसाचें सुख इतरांइतकेंच राहतें, हें मात्र त्यांत मुळींच नाहीं. कोणी कल्पिला असता त्याहून त्यांचा आंकडा बरा निघाला, इतकेंच. ही चूक निरुपद्रवी नव्हे. अंथरुणास खिळलेल्या माणसास ‘सुख तुझ्या मनांतच आहे’ असें सांगितलें, कीं त्याची शुश्रूषा, त्याचा खर्च आणि त्याची सोबत हे तीनहि प्रश्न एका वाक्यांत मिटतात, आणि दुःखाचा दोष त्याच्याच उशाशीं ठेवून आपण मोकळे होतों.

आपल्या परंपरेनें सुखास इतक्या सहज साक्षीदार मानलें नव्हतें. गीतेच्या अठराव्या अध्यायांत सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील उत्तम तें आरंभीं विषासारखें लागतें, मधलें तें आरंभीं अमृतासारखें. आणि झोंप, आळस यांतून येणारें तिसरें, तेंहि सुखच. हा भेद मानला म्हणजे ‘या क्षणीं मला गोड वाटतें’ या साक्षीस किती किंमत उरते? टिळकांनीं ‘गीतारहस्या’चें (१९१५) पांचवें प्रकरण सबंध सुखदुःखविवेकालाच दिलें असून, सुख म्हणजे निव्वळ दुःखाचा अभाव कीं काय, येथपासून चौकशी चालविली आहे. आजच्या लेखकांनीं तें एक प्रकरण वाचलें असतें, तर त्यांचीं पुस्तकें निम्म्यानें लहान झालीं असतीं.

स्फूर्तीचा विषय अधिक रम्य आहे आणि म्हणून अधिक फसवा. येथें गणिती रामानुजन् यांचें नांव हटकून येतें. नामक्कलच्या नामगिरी देवीनें आपणांस स्वप्नांत सूत्रें सांगितलीं अशी त्यांची श्रद्धा होती, आणि तिचा उपहास करण्याचें आम्हांस प्रयोजन वाटत नाहीं. परंतु हा मुलगा शाळकरी वयापासून कार नांवाच्या ग्रंथकाराच्या जाडजूड संग्रहांतील हजारों सिद्धांतांशीं वर्षानुवर्षें झगडत बसला होता, हें सांगावयास आमचे लेखक विसरतात. दुसरीहि एक गोष्ट विसरतात. १९१३ सालीं रामानुजन् यांनीं केंब्रिजच्या हार्डींस पत्र पाठविलें, तेव्हां त्यांतील कित्येक सूत्रें पाहून हार्डी थक्क झाले; परंतु मूळ संख्यांविषयीं रामानुजन् यांस जें स्फुरलें होतें, त्यांतील महत्त्वाचा भाग चुकीचा निघाला. खरीं आणि खोटीं सूत्रें एकाच मनांतून, एकाच विश्वासानें बाहेर पडलीं होतीं. त्यांची निवड स्फूर्तीला करतां आली नाहीं. ती सिद्धतेनें केली.

फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांची हकीकत तर याहून बोलकी आहे. कूतांस येथें गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवतांच एका कठीण प्रश्नाचें उत्तर त्यांस अकस्मात् स्फुरलें, ही आख्यायिका सर्वांस पाठ आहे. पण ती त्यांनींच १९०८ सालच्या व्याख्यानांत सांगितली, आणि त्याच व्याख्यानांत पुढें म्हटलें आहे कीं, अशा वेळीं वाटणारी पूर्ण खात्री पुष्कळदां खरी ठरते खरी, तरी कित्येकदां फसवितेहि. आणि फसवितांना तिचा स्पष्टपणा तिळभर कमी नसतो. गांवीं परतल्यावर त्यांनीं तें उत्तर सावकाश पडताळून पाहिलें. आमचे ग्रंथकार मात्र गाडीची पायरी चढतांच गोष्ट संपवितात! अलीकडे, २००९ सालीं, कानेमन आणि क्लाइन या दोन विरुद्ध मतांच्या मानसशास्त्रज्ञांनीं मिळून एक निबंध लिहिला. जेथें परिस्थितींत कांहीं नियम आहे आणि चूक झाली तर ती लवकर पदरांत येते, तेथेंच दीर्घ सरावानें आलेल्या स्फूर्तीवर विसंबावें, असें त्यांचें म्हणणें. बुद्धिबळपटूची किंवा जुन्या परिचारिकेची अटकळ म्हणूनच खरी ठरते. शेअरबाजाराचें भविष्य सांगणाराची ठरत नाहीं, त्यास स्वतःची खात्री कितीहि असो. ‘आंतून वाटलें’ एवढ्यावर औषध सोडणाऱ्या रोग्यास किंवा एका भेटींत सोयरीक ठरविणाऱ्या बापास असा सराव कोठून असणार?

आतां अध्यात्म. येथें तर्क चालत नाहीं, अनुभव हेंच प्रमाण, असें म्हणून पडताळ्याची वाटच बंद करण्यांत येते. पण श्रवण आणि निदिध्यासन यांच्या मध्यें उपनिषदांनीं मनन घातलें आहे, तें काय शोभेसाठीं? पतंजलींनीं विभूतिपादांत सिद्धींची मोठी यादी दिली आणि तेथेंच त्या समाधीच्या आड येतात असेंहि बजावलें. ‘दासबोधा’च्या पांचव्या दशकांत ‘बहुधा ज्ञान’ नांवाचा समास आहे. त्यांत समर्थ नाना कला, नाना परीक्षा, भूतभविष्य जाणणें, दुसऱ्याच्या मनांतील ओळखणें अशीं ज्ञानें एकामागून एक मांडतात आणि यांपैकीं एकहि आत्मज्ञान नव्हे म्हणून बाजूस सारतात. शुद्ध ज्ञानाची गोष्ट पुढच्या समासांत. आज ज्यास अंतर्ज्ञान म्हणून मखरांत बसवितात, तें बहुतेक समर्थांनीं बाजूस सारलेल्या यादींतलेंच आहे. खुद्द आनंदाविषयींहि आचार्य किती सावध होते पाहा. तैत्तिरीयांतील आनंदमय म्हणजे ब्रह्मच, असें रामानुजाचार्य मानतात. शंकराचार्यांनीं मात्र तोहि एक कोशच ठरविला. या वादांत कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न निराळा. पण ज्यांनीं ब्रह्मास आनंदस्वरूप म्हटलें, त्यांनींच आनंदाच्या अनुभवास तेथवर जाऊं दिलें नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

गुरुदेव रानडे यांनीं महाराष्ट्रांतील संतांवर १९३३ सालीं जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत साक्षात्काराची बाजू त्यांनीं पूर्ण श्रद्धेनें मांडली आहे. तरीहि अंतःस्फूर्ति ही बुद्धि, भावना व इच्छा यांच्या विरुद्ध नसून त्यांच्या मुळाशीं असते, असें ते प्रस्तावनेंतच सांगतात. आणि तुकारामांकडे वळल्यावर ते आनंदाच्या अभंगांनीं संतुष्ट होत नाहींत; देव भेटत नाहीं, आपलें सर्व व्यर्थ गेलें कीं काय, अशा काळोखांतून तुकाराम गेले, त्या अभंगांचा ते स्वतंत्र विचार करतात. नव्या पुस्तकांतून तुकारामांचे अभंग आम्हांस पुष्कळ भेटले, आणि ते सारे आनंदाचे. उदास मन म्हणजे साधनेंतील उणीव, असें ज्यास घरांत रोज ऐकविलें जातें, त्याच्या हातीं हीं पुस्तकें पडतात. गाथेंतील ते दुसरे अभंग पडत नाहींत. ते संख्येनें थोडके नाहींत, आणि कोणत्याहि छापील गाथेंत सांपडतात.